आषाढीचं टेबल: हार काढला तेव्हा पुस्तकं घरी गेली

आमच्या वाचनालयात दारातून आत आलं की डाव्या हाताला पेपरचा स्टँड आणि त्याच्या पुढे एक जुनं सागवानी टेबल आहे, त्यावर त्या त्या दिवसाची पुस्तकं मांडायची अशी पद्धत. जयंती असो, पुण्यतिथी असो, मराठी भाषा गौरव दिन असो, वाचन प्रेरणा दिन असो, टेबल तेच, फक्त फोटो बदलतो. मी देवघेवीच्या काउंटरवर बसतो, म्हणजे टेबल दिवसभर माझ्या डोळ्यासमोरच असतं, आणि तरीही २०२३ च्या आषाढीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की या टेबलावरून कोणी पुस्तक नेतच नाही. खरं सांगायचं तर आम्ही ते नेण्यासाठी मांडतही नव्हतो. मांडायचं, फोटो काढायचा, फोटो वार्षिक अहवालात लावायचा, संपलं.

तर हे प्रकरण त्या एका टेबलाचं. २०२३ ला काय झालं, २०२४ ला काय बदललं, त्यात काय फसलं. तालुक्याचं गाव, सरकारी वर्गवारीत ब वर्गाचं वाचनालय, गाव पालखीमार्गावर नाही, पण इथून एक दिंडी जाते आणि बऱ्याच घरातलं कोणी ना कोणी वारीला असतं. एवढी पार्श्वभूमी पुरे.

२०२३ ला एकादशी २९ जूनला होती, गुरुवार, आणि त्याच दिवशी बकरी ईद. सुट्टी, म्हणून आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळीच टेबल सजवलं. मधोमध विठ्ठल-रखुमाईची तसबीर, तुळशीहार, पुढे उदबत्तीचं घर, आणि दोन्ही बाजूंनी पुस्तकांच्या उतरंडी: सार्थ ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, एकनाथी भागवत, संतचरित्रं, रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय'. सगळी मिळून बावीस पुस्तकं, आणि बहुतेक इतकी जाड की एका हातात धरली तर मनगट दुखेल. दिसायला मात्र एक नंबर दिसत होतं, फोटोही झकास आला.

मग आठवडाभर मी बघत होतो. लोक यायचे, टेबलासमोर चपला काढायचे, हात जोडायचे आणि पेपर वाचायला बसायचे. एका आजींनी तर गाथेवर दोन रुपयांचं नाणं ठेवलं. या आजी आमच्या पक्क्या सभासद आहेत, आठवड्याला दोन कादंबऱ्या हमखास नेतात, त्यादिवशीही नेल्या, पण टेबलावरच्या पुस्तकाला हात लावावा असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आठ दिवसात बावीसपैकी एक पुस्तक गेलं, तेही एका सरांना शाळेत भाषण करायचं होतं म्हणून.

एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर काका रोज येतात, त्यांना मी सहज विचारलं, काका तुम्ही इतकी वर्षं पंढरपूरच्या जादा गाड्यांवर होता, यातलं एखादं न्या की. ते म्हणाले, "अहो ते पूजेचं आहे ना, मधूनच एक उचललं तर बरं दिसत नाही."

झालं, तिथेच सगळं कळलं. आम्ही पुस्तकं मांडली नव्हती, बसवली होती, गणपती बसवतात तशी. आणि बसवलेल्या गोष्टीला लोक नमस्कारच करणार, घरी कशाला नेतील? वर आमच्याच कोणीतरी कडेला 'कृपया मांडणी हलवू नये' अशी पाटी लावली होती, ती माझ्या लक्षात आली चौथ्या दिवशी.

त्याच आठवड्यात अजून एक गोष्ट झाली. ईदच्या दुसऱ्या दिवशी आमचा एक तरुण सभासद आला, टेबलाकडे बघून हसत म्हणाला, सर काल दोन्ही सण एकदम होते, पण टेबल एकाचंच आहे. गमतीत म्हणाला, पण मला लागलं, कारण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आमच्याकडे आहे, संतकवींच्या रांगेतलं हक्काचं नाव, आणि तो कपाटातच पडून होता. पुढे मी बसून हिशोब केला की हे सण एकाच दिवशी येतात तरी कसे. उत्तर सोपं निघालं, आषाढी एकादशी म्हणजे शुद्ध पक्षातली अकरावी तिथी आणि हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर म्हणजे अमावस्येनंतर एखाद-दोन दिवसांनी सुरू होतो, तर त्यांची दहा तारीख आपल्या एकादशीच्या आसपासच पडणार. बकरी ईद दहावीला, मोहरमचा आशुराही दहावीला. त्यामुळे २०२४ ला १७ जुलैला आषाढी आणि मोहरम एकत्र, २०२५ ला ६ जुलैला परत तेच. मला वाटायचं हा योगायोग, चंद्र एकच आहे हे डोक्यातच नव्हतं.

नंतर एका दुपारी मी तारीख चिठ्ठ्या बघत बसलो. पुस्तकाच्या मागे चिकटवलेली ती चिठ्ठी खोटं बोलत नाही, शिक्का कधीचा आहे ते बघायचं. दि. बा. मोकाश्यांचं 'पालखी', १९६४ चं, आळंदीहून पालखीबरोबर चालत पंढरपूरला गेलेल्या लेखकाने लिहिलेलं, त्याच्यावर शेवटचा शिक्का २००९ चा. चौदा वर्षं ते पुस्तक कोणी नेलं नव्हतं आणि दर आषाढीला आम्ही त्याच्या समोरून हार घेऊन जात होतो. ते टेबलावर का नव्हतं? कारण आमची कपाटं विषयवार आहेत आणि टेबलासाठी आम्ही फक्त 'धार्मिक' कपाट उघडायचो. 'पालखी' प्रवासवर्णनात. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा वारीवरचा लेख 'परिपूर्ती'मध्ये आहे, ते ललितमध्ये. दिलीप चित्र्यांचं 'पुन्हा तुकाराम' कवितांच्या कपाटात, आणि 'योगसंग्राम' धार्मिकमध्येच पण सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे स्टुलाशिवाय हात पोचत नाही. म्हणजे सणाचं टेबल लावण्यात वाचनालयाने करण्यासारखं जे एकच काम होतं, चार कपाटातलं एकत्र आणणं, तेच आम्ही करत नव्हतो. ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांनी १९३१ मध्येच पाच सूत्रात सांगून ठेवलंय की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक आणि वाचकाचा वेळ वाचवा, ते आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे, त्यालाही १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, हार घालतो आम्ही.

२०२४ ला ठरवलं की तसबीर काउंटरच्या वर भिंतीवर, हार-उदबत्ती तिथेच, आणि टेबलावर फक्त पुस्तकं, तीही आडवीतिडवी, एखादं उघडं ठेवलेलं, म्हणजे आधी कोणीतरी चाळून गेल्यासारखं वाटावं. कार्यकारी मंडळात यावर अर्धा तास चर्चा झाली, टेबल उघडंबोडकं दिसेल वगैरे. एका सदस्यांचा वेगळाच आक्षेप होता, तो पुढे सांगतो.

दुसरं म्हणजे चिठ्ठ्या. पुस्तकात अर्ध्या बाहेर डोकावणारी चिठ्ठी, त्यावर हाताने एक-दोन ओळी. पहिल्या चिठ्ठ्या मी लिहिल्या आणि त्या भयंकर झाल्या, 'संतसाहित्याचा अनमोल ठेवा' छाप. लिपिक मॅडमनी वाचून सरळ सांगितलं, हे तर मलपृष्ठावर छापलेलंच असतं, तुम्ही कोणाला देणार आहात ते डोळ्यासमोर आणा आणि त्याच्याशी बोला. मग 'पालखी'वर लिहिलं, "यंदा गुडघ्यांनी दगा दिला? मग हे घ्या, पाऊस, मुक्काम, गर्दी सगळं आहे." 'परिपूर्ती'वर लिहिलं, "फक्त 'वाटचाल' वाचा, पाऊण तास लागेल. एकाच दिंडीत चालणाऱ्या बायका जेवायला वेगळ्या का बसतात हा प्रश्न यात आहे." ढेऱ्यांच्या पुस्तकावर, "विठ्ठल आला कुठून, यावर घरात वाद होत असेल तर. सावकाश वाचायचं." (हे पुस्तक १९८४ चं, १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार, तेही लिहिलं होतं आधी, मग खोडलं. पुरस्कार बघून आमच्याकडे कोणी पुस्तक नेल्याचं मला आठवत नाही.)

विषयवार रांगा केल्या नाहीत, वेळेप्रमाणे केल्या. एका कोपऱ्यात एका बैठकीत होईल असं, मधे एखाद्या रविवारचं, आणि टोकाला चातुर्मासभर पुरेल असं. गाथा टोकाला. गाथेवरची चिठ्ठी हिशोबाची होती: १७ जुलैची आषाढी ते १२ नोव्हेंबरची कार्तिकी, साधारण एकशे अठरा दिवस, साडेचार हजाराच्या वर अभंग, रोज चाळीसेक वाचले की झालं. नियमाप्रमाणे पुस्तक चौदा दिवसच ठेवता येतं, पण गाथेसाठी कार्तिकीपर्यंत मुदतवाढ आपोआप, असंही खाली लिहिलं. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच, कारण चातुर्मासात लोक नेम धरतातच, फक्त तो नेम आणि आमचा दंड यांचं जमत नव्हतं.

आता गडबड. मी आदल्या वर्षीची फाईल उघडली, एकादशीची तारीख बघितली, यंदा चिठ्ठ्या-रांगांना वेळ हवा म्हणून तिच्या आधी तीनेक आठवडे धरले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातच सगळं मांडून मोकळा झालो. अधिक महिना विसरलो! २०२३ मध्ये आषाढीनंतर अधिक श्रावण आला होता, १८ जुलैपासून, त्यामुळे २०२४ चे सगळे सण पुढे सरकले, पालख्यासुद्धा जूनच्या शेवटी निघाल्या. म्हणजे एकादशीला सव्वा महिना बाकी आणि आमचं टेबल तयार. अध्यक्ष म्हणाले, काढून ठेवा, हसतील लोक. मी आळसापोटी काढलं नाही, उगाच मोठेपणा घेत नाही, खरंच आळस होता.

आणि तेच कामाला आलं. वारीला जाणारी माणसं निघायच्या आधी पंधरा दिवस तयारीत असतात, तेव्हा ती येऊन बघून गेली. ज्यांच्या घरचं कोणी जाणार होतं त्यांनी नेली. चौदा दिवसांची मुदत धरली तर एकादशीच्या आधी एक पुस्तक दोन जणांकडे फिरून येऊ शकतं. पूर्वी आम्ही एकादशीच्या आदल्या दिवशी टेबल लावायचो, म्हणजे जेवणं उरकल्यावर पान वाढायचो. सण संपला की सणाची ओढही संपते, दसरा झाल्यावर झेंडूला कोण विचारतं.

सिनेमाचं वेगळं प्रकरण झालं. बघण्यासारखंही काहीतरी सुचवायचं होतं. 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४, परेश मोकाशी) सगळ्यांच्या तोंडात, पंढरपूरच्या गर्दीत बांगड्या विकणारी पोरं, वडिलांनी करून दिलेली सायकल, लहान-मोठे सगळे बघू शकतात. पण वाचनालयात लावायचं म्हटलं की हक्काचा प्रश्न येतो. आपल्याकडे सिनेमाला प्रदर्शित झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे हा २०७४ च्या अखेरपर्यंत, आणि चारचौघात दाखवायचा तर परवानगी घ्यावी लागते, घरी बघायची डीव्हीडी हॉलमध्ये लावणं चालत नाही. आमच्यातले एक जण म्हणाले कोण येतंय बघायला. येत नाही कोणी, पण वाचनालयानेच असं करायचं म्हणजे उद्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार? मग त्याची नुसती चिठ्ठी लावली, घरी बघा म्हणून, आणि हॉलमध्ये दाखवायला प्रभातचा 'संत तुकाराम' घेतला. १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा, विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत. त्याची साठ वर्षं कधीच संपली. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला सिनेमा, आणि आमच्या गावात चाळिशीच्या आतल्या कोणीच बघितलेला नव्हता, मी धरून.

शाळेतून प्रोजेक्टर आणला, भिंतीवर पांढरी चादर, आवाज खरखरीत, दोन तासांच्या वर सिनेमा, मला वाटलं मध्यंतरात सगळे उठतील. पण आवली हातात पायताण घेऊन तणतणत देवळात जाते त्या सीनला बायका इतक्या हसल्या की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आत एक काकू पायरीवर बसलेल्या. त्यांना 'आधी बीज एकले' गाथेत वाचायचं होतं. म्हटलं चला, गाथेच्या शेवटी अभंगांच्या पहिल्या ओळींची सूची असते, 'आ' काढा. 'आ'मध्ये नाही. मग वाटलं सुरुवात वेगळी असेल, 'बीज' काढलं, 'एक' काढलं, मग चित्र्यांची निवड चाळली, लिपिक मॅडम पण आल्या मदतीला, पेपर वाचणारे दोघं उठून आले, पाऊण तास आम्ही सगळे तुकारामांच्या मागे. कोणालाच सापडेना. शेवटी सिनेमावरच्या एका जुन्या लेखात मिळालं: हा तुकारामांचा अभंगच नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गीत आहे, आणि ते इतकं हुबेहूब उतरलं की लोक तेव्हापासून गाथेत शोधतायत.

काकूंचा चेहरा क्षणभर पडला. मग म्हणाल्या, "हे नाही ना, मग आहे तरी काय यात, बघते." आणि गाथा घेऊन गेल्या, कार्तिकीच्या बोलीवर. गंमत म्हणजे शोधताना पेपरवाल्या दोघांपैकी एकाच्या हाताला 'पुन्हा तुकाराम' लागलं होतं, तो ते घेऊन गेला. मी त्यानंतर टेबलावर एक चिठ्ठी वाढवली, "किशोरीताईंच्या आवाजात 'अवघा रंग एक झाला' ऐकलंय? ते कोणाचं आहे शोधा." उत्तर सोयराबाई, चोखोबांची बायको. शेवटच्या ओळीत त्या स्वतःची ओळख सांगतात ती ऐकूनही आपल्या लक्षात येत नाही. माझ्या अंदाजाने त्या एका चिठ्ठीमुळे सकल संतगाथेचा भाग तीनदा फिरला. आयतं सांगितलेल्या गोष्टीपेक्षा अर्धवट ठेवलेली गोष्ट लोकांना जास्त ओढते, हे मला या टेबलाने शिकवलं, कामाच्या सतरा वर्षांत कुठल्या प्रशिक्षणाने नाही.

आता तो आक्षेप. टेबलावर साने गुरुजींच्या चरित्राचं एक पुस्तक होतं, त्याच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले होते. शेजारी चोखामेळ्याचे अभंग. एका सदस्यांचं म्हणणं, आषाढीला हे कशाला, सणाला सणासारखं राहू द्या. बरं माणूस वाईट नाही, दरवर्षी स्वतः वारीला जाणारा. मी म्हटलं, चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, तुम्ही दरवर्षी तिच्यावरूनच जाता की. ते काही बोलले नाहीत. पुस्तक टेबलावर राहिलं, चिठ्ठी मात्र दोन दिवसांनी गायब झाली, मी परत लावली, परत गायब. तिसऱ्यांदा पेनाने लिहून डिंकाने चिकटवली. कोण काढत होतं ते शोधलं नाही.

सगळंच जमलं असं अजिबात नाही. ढेऱ्यांचं पुस्तक एकदाही गेलं नाही, लोक उघडायचे, दोन पानं वाचून हळूच ठेवायचे. त्यासाठी चिठ्ठी नाही, कोणीतरी तासभर बोलणारं माणूस हवं. मुलांसाठी आम्ही काहीच ठेवलं नव्हतं, हे थेट चुकलं. शाळा सुरू झाल्यावर पोरं दप्तर घेऊन टेबलापाशी घुटमळायची, आणि तिथे सगळं मोठ्यांचं. 'योगसंग्राम' त्या तरुण सभासदाने नेलं आणि चार दिवसांत परत आणलं, भाषा जड आहे म्हणाला, सोपं करून लिहिलेलं काही आहे का? आमच्याकडे नव्हतं. आणि 'पालखी'ची एकच प्रत, तिला पाच जणांची रांग, ही तर सरळ आमची फजिती, मागणी आपणच तयार करायची आणि माल ठेवायचा नाही.

आकड्यात सांगायचं तर सव्वा महिन्यात तीसेक पुस्तकांमधली निम्म्याहून जास्त एकदा तरी घरी गेली. खूप नाही. पण २०२३ च्या एका पुस्तकाशी तुलना केली की मला बरं वाटतं. कारण एकच नव्हतं, हार निघाला, चिठ्ठ्या आल्या, टेबल चुकून लवकर लागलं, सिनेमा झाला, यातलं नेमकं कशाने किती झालं ते मी वेगळं काढू शकत नाही. पण पैज लावायची तर मी हार आणि तारखेवर लावेन. आता प्रत्येक टेबलाला तीच दोन पथ्यं पाळतो, तसबीर भिंतीवर आणि टेबल निदान तीन आठवडे आधी. दर वर्षी आधी पंचांग उघडतो, मग फाईल.

काकूंनी गाथा नोव्हेंबरात परत आणली. पूर्ण झाली का विचारलं तर म्हणाल्या अडीच हजारापर्यंत आले, पुढच्या आषाढीला तिथून धरीन, तेवढी खूण राहू द्या. लाल लोकरीचा धागा आहे, अजून तिथेच आहे.

आणि 'पालखी' शेवटी कंडक्टर काकांनी नेलं, रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा दिंडी निघायला दोन दिवस होते, तर ते पुस्तक पिशवीत घालून थेट वारीलाच गेले. जुलैअखेर परत आलं. पानं पावसाने फुगलेली, पुठ्ठा वाकलेला, मधल्या एका पानावर बुक्क्याचं काळं बोट उमटलेलं. काका दंड भरायला पैसे घेऊनच आले होते, मी घेतले नाहीत. दाखल नोंदवहीत शेरा लिहायचा होता. 'खराब' लिहायला पेन टेकवलं, हात चालेना. शेवटी लिहिलं: भिजलेले, चालू.